विकत घेण्याचा हक्क आणि विकण्याचा हक्क

महाडचा संग्राम आपण पाण्याचा इतिहास म्हणून वाचतो. तो तसा आहेच. परंतु तो बाजाराचाही इतिहास आहे, आणि या बाजूचा विचार आपण पुरेसा केलेला नाही, असे मला वाटते.

१९ व २० मार्च १९२७ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाडला परिषद भरली. गावात चवदार तळे भरलेले असताना परिषदेसाठी ४० रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. तळ्याचे पाणी प्याल्यावर आपल्या माणसांवर हल्ला झाला, शिजलेले अन्न मातीत मिसळले गेले. डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी व्यापाऱ्यांनी बहिष्कार घातला, तेव्हा धान्य बाहेरून आणावे लागले. अस्पृश्याचा पैसा केव्हा घ्यायचा आणि केव्हा नाकारायचा, हे विकणारा ठरवीत होता. विकणारा आपला नव्हता.

मग आपल्या बायका काहीच विकत नव्हत्या काय? विकत होत्या. माझी आजी पोलादपूरच्या डोंगरातून डोक्यावर मोळी घेऊन बाजारात येई. मोळी चाले, गवताचा भारा चाले. चुलीत जळणाऱ्या आणि गुरांनी खाण्याच्या वस्तूला विटाळ नव्हता. तिच्या हातची भाकरी मात्र त्या बाजारात कुणी घेतली नसती.

पुढे राज्यघटनेच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी सर्वांना खुली केली. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली तिच्या आचरणाला शिक्षा सांगणारा कायदा आला. या कायद्यांनी आपल्याला दुसऱ्याच्या दुकानात शिरण्याचा हक्क दिला. आपल्या दुकानात येण्याची सक्ती मात्र कोणताही कायदा गिऱ्हाइकावर करू शकत नाही. बाबासाहेबांना हे फार आधी भोगावे लागले. बडोद्याची नोकरी सुटल्यावर, सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होण्यापूर्वी, त्यांनी मुंबईत शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली. सल्ला तोच होता; फक्त जात कळली होती.

हा प्रसंग मला आठवला तो माझ्या चुलत बहिणीमुळे. ती पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या गावी लाल मसाला, कुळथाचे पीठ आणि नाचणीचे पापड करते आणि मोबाईलवरून मुंबई-पुण्याला विकते. मालाचे फोटो व्हॉट्सअॅपवर, पैसे यूपीआयने, पार्सल एसटीने. आजीला जे बाजारात बसून विकता आले नसते, ते नात घरात बसून विकते. यंत्राला जात दिसत नाही, म्हणून मीही आनंदलो होतो.

एकदा एका बाईंनी चार किलो मसाला मागवला. मग सहज विचारल्यासारखे आडनाव विचारले. त्यानंतर उत्तर आले नाही. बहीण मला म्हणाली, "दादा, पाकिटावर नाव घालू का नको? नुसतं 'घरगुती मसाला' लिहिलं तर खपतो."

मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. मुलांची फी, गॅस, मिरचीचा भाव तिला भागवायचा आहे; पगारी प्राध्यापकाने तिला स्वाभिमान शिकवणे सोपे आहे. दिल्लीत चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ साली 'दलित फूड्स' या उघड नावाने मसाले-लोणची ऑनलाइन विकायला काढली. नाव हाच तेथे प्रश्न होता, आणि तो गिऱ्हाइकाला विचारलेला होता. पण असे धाडस एकट्या बाईच्या चुलीवर लादणे अन्यायाचे आहे.

नाव लपवून मिळालेली बाजारपेठ म्हणजे समता नव्हे, ती जात कळेपर्यंतची मुदत आहे. ही मुदत संपली तरी धंदा टिकावा, याची जबाबदारी चळवळीची आहे. आपल्यातले नोकरदार महिन्याचा किराणा भरतात, आपल्या संस्था मेळावे भरवतात, जेवणावळी होतात. दरवर्षी मार्चमध्ये महाडला हजारो माणसे येतात. त्यांच्या पानातला मसाला कुणाच्या हातचा असतो, हे आपण कधी विचारले आहे काय?

परवा बहिणीने पाकिटाचा नवा नमुना पाठवला. त्यावर तिने आपले नाव आडनावासह घातले आहे. मी १० किलोची मागणी नोंदवली. ११ वे किलो कोण घेते, ते आता पाहायचे आहे.