इस्लामी भौमितिक आकृतिबंध व कलाप्रदर्शन

वर्तुळ, चौरस, त्रिकोण व तारकाकृती यांच्या नियमबद्ध पुनरावृत्तीतून सिद्ध होणारे अलंकरण. मशिदी, मकबरे, मदरसे, हस्तलिखिते व नित्योपयोगी वस्तू यांवर ते विपुल आढळते. वास्तूपासून अलग काढून त्याचे प्रदर्शन करण्याची, तसेच त्यापासून स्फूर्ती घेतलेल्या स्वतंत्र कलाकृती मांडण्याची प्रथा मात्र अर्वाचीन असून तिचा प्रारंभ मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात झाला.

या आकृतिबंधांची रचना कर्कटक व पट्टी या दोनच साधनांनी करता येते. वर्तुळाचे सहा, आठ किंवा दहा समान भाग पाडून विभाजनबिंदू जोडले म्हणजे तारका व बहुकोन मिळतात. त्यांची जाळी सर्व दिशांनी वाढविता येते. त्यामुळे अशा आकृतिबंधाला स्वतःची कड नसते. भिंत संपते तेथे तो थांबतो, पूर्ण होत नाही. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात जतन केलेल्या गुंडाळीत अशी ११४ रेखाटने आहेत. इस्फाहान येथील दर्ब-इ-इमाम या १४५३ च्या वास्तूवरील रचना आधुनिक गणितातील अर्धस्फटिकी रचनांशी जुळते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. एवढी सूक्ष्म कामे करणाऱ्या बहुसंख्य कारागिरांची नावे मात्र उपलब्ध नाहीत.

महाराष्ट्रात या अलंकरणाचे उत्कृष्ट नमुने वऱ्हाड व मराठवाडा या भागांत आहेत. वणी हे वऱ्हाडच्या यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. १९०५ पर्यंत हा जिल्हा वणीच्याच नावाने (वूण) ओळखला जाई. याच वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्यावर, फतेहउल्ला इमाद-उल्-मुल्क याने १४८७ मध्ये महाकाली दरवाजा बांधविला. पांढऱ्या वालुकाश्माच्या या दरवाजावर अरबी शिलालेख, कमळे व विविध घाटांच्या दगडी जाळ्या एकत्र आल्या आहेत. औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) येथील बीबी का मकबरा (१६६०–६१) या वास्तूत कबरीभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोनी कठडा आहे. येथील जाळी केवळ शोभेची नाही; ती प्रकाश गाळून आत सोडते, वारा खेळता ठेवते आणि आतील जागेचा एकांत राखते.

लंडन येथे १८५१ साली भरलेल्या महाप्रदर्शनात भारतीय व इतर पौर्वात्य कारागिरीने यूरोपीय अभिकल्पकांचे लक्ष वेधले. ओवेन जोन्स याने १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अलंकरणविषयक ग्रंथात अरबी, मूरिश, इराणी व भारतीय नमुन्यांचे रंगीत पट दिले. आकृतिबंध आता भिंतीवरून कागदावर आला. मुंबईत १८५७ मध्ये सर ज. जी. कलाशाळा स्थापन झाली, तर १८७२ मध्ये भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय (१९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) लोकांसाठी खुले झाले. अशा संस्थांमुळे देशी कारागिरीचे नमुने अभ्यासाचा व प्रदर्शनाचा विषय बनले.

लंडनच्या हेवर्ड कलावीथीत १९७६ मध्ये इस्लामी कलांचे मोठे प्रदर्शन भरले. त्यानंतरच्या काळात या परंपरेतून स्फूर्ती घेणाऱ्या कलावंतांना स्वतंत्र स्थान मिळत गेले. इराणच्या मुनीर फर्मानफर्माइयाँ यांच्या आरसेकामातील भौमितिक कृती न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१५ मध्ये मांडण्यात आल्या. मुंबईत वाढलेल्या नसरीन मोहमदी (१९३७–९०) यांच्या शाईच्या रेखाटनांत तारकाकृती नाहीत. तथापि त्यांनी फत्तेपूर सीक्रीच्या वास्तूंची छायाचित्रे घेतली होती व त्यांच्या रेषांच्या शिस्तीचे इस्लामी वास्तुकलेशी असलेले नाते समीक्षकांनी दाखविले आहे. त्यांचे निधन अलिबागजवळील किहीम येथे झाले. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या कलादालनाचा २०१६ मध्ये प्रारंभ झाला, तेव्हाच्या प्रदर्शनांत त्यांच्या कृतींचे प्रदर्शन होते.

प्रदर्शनामुळे आकृतिबंधाला प्रेक्षक व कलावंताला नाव मिळाले. परंतु चौकटीत बसताच त्याचे मूळ कार्य लोपले, ही या परंपरेतील मुख्य अडचण होय. अनिला कयूम आगा यांनी तिच्यावर मार्मिक तोडगा काढला. ग्रॅनडा येथील अलहम्ब्रा राजवाड्याच्या नक्षीवर आधारलेल्या, लाकडी जाळीच्या त्यांच्या घनाकृतीत एकच दिवा आहे. त्याच्या प्रकाशाने संपूर्ण दालनावर नक्षीची छाया पसरते आणि प्रेक्षकही तिने व्यापला जातो. या कृतीला अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्झ येथे २०१४ मध्ये परीक्षक व लोकमत अशी दोन्ही पारितोषिके लाभली. चौकटीबाहेर पडून जागा व्यापण्याचा जो गुण येथे पुन्हा साधला, तो मूळच्या जाळीत प्रथमपासूनच होता. म्हणून प्रदर्शनातील कृतीचे मर्म जाणण्यासाठी महाकाली दरवाजासारख्या वास्तू जागच्या जागी टिकणे आवश्यक ठरते. कलादालनात नक्षी दिसते. तिचे प्रयोजन वास्तूतच उमगते.