जळ आणि जळण

सोलापूरकडच्या खेड्यांत चुलीसाठी रचून ठेवलेल्या तुराट्यांना ‘जळण’ म्हणतात. ‘जळ’ म्हणजे पाणीही. दोघांची घराणी मात्र वेगळी. पाण्याचा ‘जळ’ संस्कृत ‘जल’मधून आला, ‘जळणे’ आलं ‘ज्वल्’ धातूतून. प्राकृतात ‘ज्व’चा ‘ज’ झाला, मराठीत ‘ल’चा ‘ळ’ झाला आणि आग नि पाणी एकाच उच्चारावर येऊन भेटले.

समुद्राच्या पाण्यापासून हायड्रोजन हे इंधन, अशी बातमी वाचली की मला ही भेट आठवते. पुराणांतही समुद्राच्या पोटात वडवानल आहे. वडवा म्हणजे घोडी. और्व ऋषीचा क्रोधाग्नी घोडीच्या तोंडाने अखंड पाणी पितो आणि विझत नाही. प्रयोगशाळेत असं का घडत नाही, ते ‘हायड्रोजन’ या नावातच आहे. १७८७ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ग्रीकवरून ते घडवलं : पाणी निर्माण करणारा. मराठीत त्याचा ‘उद्जन’ झाला. हे ‘उद्’ उदकातलं, तेच समुद्रातलं. ग्रीकांचं पाणीही त्याच कुळातलं. हायड्रोजन जळला की पाणी होतं. म्हणजे पाणी ही त्याची राख.

‘इंधन’ आणि ‘समिधा’ दोन्ही ‘इन्ध्’ धातूचे, म्हणजे पेटणारे. राख त्यात बसत नाही. विजेने पाणी फोडून एक किलो हायड्रोजन काढायला किमान नऊ लिटर पाणी आणि साधारण पन्नास युनिट वीज लागते; तो जाळून उष्णता मिळते फार तर एकोणचाळीस युनिट. खरं इंधन वीज आहे, पाणी नव्हे. म्हणून वीज कुठली, हे आधी विचारलं पाहिजे. सोलापूरजवळचा एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्रकल्प कोळशावर चालतो आणि त्याला पाणी लागतं ते उजनी धरणाचं. अशा विजेवर काढलेला हायड्रोजन समुद्रातून आला तरी कोळशाचाच. हायड्रोजनला ‘हरित’ हे विशेषण सूर्य-वाऱ्याच्या विजेपुरतंच द्यावं, असं माझं ठाम मत आहे.

या ‘हरित’ची एक बहीण समुद्रातच आहे. ‘क्लोरीन’ हे नाव रसायनशास्त्रज्ञ डेव्हीने १८१० मध्ये त्या वायूच्या हिरवट-पिवळ्या रंगावरून ठेवलं. तो ग्रीक शब्द आणि आपला ‘हरि’, ‘हरित’ एकाच मुळाचे मानले जातात. खाऱ्या पाण्यात थेट वीज सोडली की धन टोकाला प्राणवायूबरोबर हा विषारी वायूही सुटू लागतो आणि त्या टोकाची धातूची पट्टी खातो. तो टाळण्यासाठी बहुतेक ठिकाणी पाणी आधी गोडं करून घेतात. त्याला वीज तशी थोडीच लागते. पण मागे उरतं दाट खारं पाणी. ते साध्या समुद्रजलापेक्षा जड. नीट मिसळून सोडलं नाही तर तळाशी पसरतं, आणि तिथले शिंपले, किडे, माशांची अंडी यांना तिथून दूर जाता येत नाही.