इनामगावचे घर

घाटंजीचे आमचे घर कुडाचे. म्हणून विद्यार्थी असताना इनामगावच्या उत्खननात उतरलो, तेव्हा मातीतले खांबांचे खळगे पाहून घर ओळखायला मला फारसे शिकावे लागले नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हे काम केले.

तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या वस्तीत मधोमध पाच खोल्यांचे एक घर निघाले. लगत धान्यकोठार. अंगणात चार पायांच्या रांजणात बसवून पुरलेला पुरुष. बहुतेक प्रौढांची पावले पुरताना तोडलेली असत. याची शाबूत होती. संशोधकांनी अनुमान केले : हे प्रमुखाचे घर. कुंभार, सोनार अशा कारागिरांची घरे मात्र पश्चिमेच्या कडेला.

"हे तर आपलेच गाव!" बरोबरचा मित्र म्हणाला. मीही क्षणभर फसलो. पण कडेला राहणारा अस्पृश्यच होता, हे खापर सांगत नाही. ते आपण आपल्या गावातून चरात घेऊन उतरतो. भट्टीचा धूर दूर असावा, एवढेही कारण पुरेसे असेल. बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास मांडला. जातीला याहून जुना दाखला मिळावा म्हणून कोण टपले आहे, हे वाचकांना सांगायला नको.

तिथल्या घरांच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली सापडत. आत मूल असे. असे एक उघडले तेव्हा घमेले वाहणारी मजूर बाई घमेले खाली ठेवून बराच वेळ तिथेच उभी राहिली.