बंगळूरचा वृद्ध किल्लेदार

बंगळूरच्या कृष्णराजेंद्र मार्केटसमोर जुन्या किल्ल्याचा दिल्ली दरवाजा अद्याप उभा आहे. त्याच्या तटावर एक दगडी पाटी बसविलेली आहे. ह्या खिंडारातून २१ मार्च १७९१ रोजी इंग्रजांनी एल्गार केला, एवढेच ती सांगते. खिंडारात त्यांच्या वाटेत कोण उभा होता, ह्याविषयी ती मौन पाळते.

तो होता टिपू सुलतानाचा किल्लेदार बहादूरखान. वय सत्तरीच्या घरात, उंच बांधा, पांढरीशुभ्र दाढी. लॉर्ड कॉर्नवॉलिसने ७ मार्च रोजी पेठ जिंकली. तीत इंग्रजांचा कर्नल मूरहाउस पडला. पुढे दोन आठवडे तोफा तटावर आग ओकत होत्या. जवळच टिपूची फौज तळ देऊन होती. पण चांदण्या रात्री एल्गार झाला तेव्हा मदत पोहोचली नाही. किल्ल्यातील हजारावर माणसे कापली गेली. म्हाताऱ्या खानाने जागा सोडली नाही. तो तेथेच धारातीर्थी पडला. कॉर्नवॉलिसने त्याचा देह सन्मानाने पाठविण्याची तयारी दाखविली. टिपूने कळविले की, जेथे तो पडला त्याहून योग्य अशी जागा त्याच्या दफनाला दुसरी नाही. शत्रूने दाखविलेला आदर आणि धन्याचे हे उत्तर, दोन्ही त्या वृद्धाला साजेशी होती.

ही हकीकत वाचून मराठी माणसाने क्षणभर सुखावावे, तोच धारवाड आठवते. १७९० च्या तहाने आपण इंग्रजांच्या बाजूला होतो. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला होता, आणि तेथे बद्रुज्जमानखान हा टिपूचा किल्लेदार सहा-सात महिने झुंजत होता. बंगळूर पडल्यावर पुरते पंधरा दिवसही लोटले नव्हते, तोच त्याने कौल घेऊन किल्ला खाली केला. बाहेर पडलेल्या त्या शिबंदीवर वाटेत आपल्या लोकांनी हत्यार चालविले. खान जखमी होऊन कैद झाला. करार आधी त्यानेच मोडला, असा मराठ्यांचा आरोप होता. असेलही. परंतु कौल घेऊन निघालेल्या माणसांवर तलवार धरण्याचे समर्थन मला तरी करवत नाही, आणि भाऊंच्या पराक्रमाविषयी माझा आदर कमी नाही म्हणूनच हे लिहावेसे वाटते. आपल्या बखरींत असली पाने आपण भराभर उलटतो. कचेरीतील अडचणीची फाईल तळाशी सरकवावी, तशी.

ह्या वेढ्यात पडलेल्या इंग्रजांचा स्मारकस्तंभ बंगळुरात होता. १९६४ साली तो पाडण्यात आला. मार्केटनजीकच्या एका दर्ग्यात बहादूरखान विसावला आहे, असे लोक सांगतात. तेथे फुले वाहिली जातात. वाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना तो कोणत्या लढाईत पडला हे ठाऊक नसते. पण फुले रोज ताजी असतात.