अल्पशक्ती रेडिओ प्रेषकाचा पल्ला

अल्प शक्तीच्या व परवान्यावाचून चालणाऱ्या रेडिओ प्रेषकाचे संदेश ज्या अंतरापर्यंत सुबोधपणे ग्रहण करता येतात, त्या अंतरास प्रेषकाचा पल्ला म्हणतात. पल्ला केवळ शक्तीवर ठरतो, हा रूढ समज चुकीचा आहे. मोकळ्या अवकाशात तरंगांची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे पल्ला दुप्पट करावयाचा तर शक्ती चौपट करावी लागते. उलट तरंगलांबी, आकाशकाची उंची, मधला भूप्रदेश व दिवसाची वेळ अनुकूल असल्यास तीच शक्ती कितीतरी दूर पोहोचते. मुंबई व कोकणपट्टीच्या इतिहासात याची बोलकी उदाहरणे आढळतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी सरकारने हौशी प्रेषकांचे परवाने रद्द केले. १९३३ च्या बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये परवान्याविना असे उपकरण नुसते बाळगणे हाही गुन्हा होता. अशा स्थितीत ‘छोडो भारत’ आंदोलनातील नेते तुरुंगात पडल्यावर, ऑगस्ट १९४२ च्या अखेरीस मुंबईत काँग्रेस रेडिओ हे गुप्त केंद्र सुरू झाले. उषा मेहता (१९२०–२०००), विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर व चंद्रकांत झवेरी हे त्याचे प्रमुख कार्यकर्ते असून राममनोहर लोहिया यांचे त्यास मार्गदर्शन होते. केंद्र भारतात कोठूनतरी बोलत असल्याचे सांगितले जाई. तरंगलांबी मात्र ४२·३४ मी. अशी उघड घोषित होई. ती तशी करणे भागच होते, कारण श्रोत्यास केंद्र सापडले नाही तर पल्ला असून नसल्यासारखाच.

या तरंगलांबीची कंप्रता सु. ७·१ मेगॅहर्ट्‌झ येते. अशा लघुतरंगांचा जमिनीलगत जाणारा भाग शहरातील इमारतींत लवकर क्षीण होतो. पण वर गेलेला भाग आयनांबरावरून (वातावरणाच्या विद्युत्‌भारित उच्च थरांवरून) परावर्तित होऊन शेकडो किमी. दूर उतरतो. दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर तरंग शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि पल्ला वाढतो. रात्रीचे प्रक्षेपण दूरवर पोहोचण्यास हे कारण पोषक होते.

पण जो तरंग श्रोत्यापर्यंत जातो तो शोधपथकापर्यंतही जातो. दिशाशोधक उपकरणाने दोन ठिकाणांहून दिशा घेतल्यास त्या रेषांचा छेदबिंदू प्रेषकाचे स्थान दाखवितो. म्हणून केंद्र गिरगाव, वाळकेश्वर, महालक्ष्मी अशा भागांतून वारंवार हलविले जाई. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी महालक्ष्मीनजीकच्या पॅरडाइझ बंगल्यावर छापा पडला. केंद्राशी संबंधित तंत्रज्ञाकडूनच पोलिसांना ठिकाण कळले, असे सांगतात. पुढील खटल्यात बाबूभाईंना पाच व उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. सु. अडीच महिन्यांच्या प्रक्षेपणाची ही किंमत होती.

गोवा मुक्तिलढ्यातील गुप्त केंद्राची अडचण वेगळी होती. वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून सीमेलगतच्या सह्याद्रीच्या अरण्यातून, प्रथम आंबोली व पुढे कॅसलरॉक परिसरातून, कोकणी व पोर्तुगीज भाषांत प्रक्षेपण केले. कॅसलरॉकहून पणजी सरळ रेषेत सु. ५५ किमी. आहे. इतक्या जवळचा श्रोता लघुतरंगांस मोठा अवघड असतो. भूतरंग तेथवर जेमतेम पोहोचतो आणि कंप्रता जास्त असल्यास परावर्तित तरंग त्याच्या डोक्यावरून पुढे निघून जातो, शेकडो किमी. वर ऐकू येणारे केंद्र शेजारच्या गावी ऐकू येत नाही. या मधल्या पट्ट्यास मूक क्षेत्र म्हणतात. तो टाळण्यासाठी कंप्रता कमी ठेवून तरंग जवळजवळ सरळ वर पाठवावे लागतात. हे केंद्र डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चालू होते.

आजच्या अल्पशक्ती प्रेषकांचे स्वरूप निराळे आहे. २००५ मध्ये भारतात २·४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला. त्यात प्रेषकाची शक्ती १ वॉटपर्यंत मर्यादित करण्यात आली. एवढ्या उच्च कंप्रतेस आयनांबराचा उपयोग नाही. दृष्टिरेषा हाच आधार. भूपृष्ठाच्या वक्रतेमुळे ९ मी. उंचीवरून क्षितिज सु. ११ किमी., तर ३६ मी. उंचीवरून सु. २१ किमी. असते. वसई-विरार परिसरात हे सर्व अडथळे एकत्र पाहावयास मिळतात. खाडीकाठची मिठागरे सपाट व मोकळी. आगरातील केळी-नारळीची ओली पाने मात्र तरंग शोषतात, आणि विरार-नालासोपाऱ्याच्या दाट वस्तीत भिंतींपेक्षाही शेजाऱ्यांच्या असंख्य प्रेषकांचा व्यत्यय पल्ला अधिक खुंटवितो. तुंगारेश्वरच्या डोंगररांगेपलीकडील पारोळ भाग तर पश्चिमेकडील प्रेषकांच्या छायेतच राहतो.

पालघर तालुक्यातील खामलोली परिसरात मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्ट्यातून (४७०–५९० मेगॅहर्ट्‌झ) गावांना आंतरजाल पुरविण्याचा प्रयोग केला. हे तुलनेने दीर्घ तरंग झाडीतून अधिक सुलभतेने जातात. पण त्यांस खास अनुमती लागते. पुढे जिल्ह्यातील गावे ५·८ गिगॅहर्ट्‌झच्या परवानामुक्त पट्ट्याने जोडताना उंच मनोरे व निर्वेध दृष्टिरेषा यांची गरज भासली. परवान्यातून सुटका मिळाली, तरी मनोऱ्याचा खर्च राहिला.