मेद, संप्रेरके आणि स्त्रीची जननक्षमता

1974 साली रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर यांनी मांडले की, मुलीच्या वजनात मेदाचा वाटा सुमारे 17 टक्के झाल्याशिवाय पाळी सुरू होत नाही आणि ती टिकण्यास सुमारे 22 टक्के मेद लागतो. आकडे सुबक होते, म्हणून ते पाठ्यपुस्तकांत लवकर शिरले. मात्र मेद प्रत्यक्ष मोजलेला नव्हता. उंची-वजनावरून त्याचा अंदाज बांधला होता. शिवाय भारतात अर्धपोटी स्त्रियांनाही पाच-सहा मुले होतच होती. दुष्काळासारखी उपासमार वगळता कुपोषणाने प्रजननशक्ती फारशी घटत नाही, असा आक्षेप जॉन बोंगार्ट्स यांनी 1980 साली घेतला.

मेदाची वार्ता मेंदूला पोहोचते कशी, हे 1994 साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिन सापडल्यावर उलगडू लागले. मेदपेशींत तयार होणारे हे संप्रेरक जिच्यात जन्मतः नसते, ती उंदरीण लठ्ठ असूनही वांझ असते. 1996 साली लेप्टिन टोचून अशा माद्यांचे वंध्यत्व दूर करता आले. गंमत अशी की चरबी भरपूर, पण निरोपच नाही. म्हणून मेंदूच्या लेखी ती उपाशीच.

दिल्लीत प्रश्न उलट बाजूने आला. 1969 ते 1972 या काळात दक्षिण दिल्लीत जन्मलेल्या हजारो बालकांची वाढ संशोधकांनी नियमित नोंदवली. 2004 साली निष्कर्ष आला : दोन वर्षांपर्यंत कृश असलेली आणि पुढे झपाट्याने भरलेली मुले तरुणपणी मधुमेहाकडे झुकतात. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक हेच ‘बारीक पण मेदयुक्त’ भारतीय शरीर दाखवत होते. अशा शरीरात इन्सुलिन निष्प्रभ ठरते, म्हणून रक्तात ते अधिक स्रवते. जास्तीचे इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके बनवायला लावते आणि ती बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिन घटवते. परिणामी बीजांड पक्व होत नाही, पाळी लांबते. स्टाइन व लेव्हेंथल यांनी 1935 साली वर्णिलेल्या विकारात, म्हणजे आजच्या पीसीओएसमध्ये, पुष्कळदा हेच घडते.

दिल्लीचे डॉ. अनुप मिश्रा व सहकाऱ्यांनी 2009 साली भारतीयांसाठी जादा वजनाची सीमा बीएमआय 23 वर आणली. स्त्रियांच्या कमरेसाठी 80 सेंटिमीटर ठरवले. म्हणजे 24 बीएमआयची, दिसायला सडपातळ स्त्री जागतिक तक्त्यात निरोगी, इथे मात्र जादा वजनाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिल्लीतील सुमारे 41 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या, पण ती मोजणी जुन्या 25 च्या सीमेनेच झाली होती.