प्लेटोची न्यायकल्पना आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर

समाजातील प्रत्येकाने आपल्या प्रकृतीला साजेसे एकच काम करावे व इतरांच्या कामात ढवळाढवळ करू नये, या व्यवस्थेलाच न्याय मानणारा सिद्धान्त प्लेटोची न्यायकल्पना म्हणून ओळखला जातो. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो (इ.स.पू. सुमारे ४२८ ते ३४८) याने तो ‘रिपब्लिक’ या दहा भागांच्या संवादग्रंथात मांडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (जातिनिर्मूलन) या ग्रंथात चातुर्वर्ण्याचे परीक्षण करताना या सिद्धान्ताचीही चिकित्सा केली.

‘रिपब्लिक’मधील मांडणी

हा संवाद अथेन्सचे बंदर असलेल्या पिरिअसमध्ये, केफालस या वृद्ध व्यापाऱ्याच्या घरी घडतो. न्याय म्हणजे काय, या सॉक्रेटिसच्या प्रश्नाला केफालस व त्याचा मुलगा पोलेमार्कस रूढ उत्तरे देतात: खरे बोलावे, घेतलेले परत करावे, मित्रांचे भले करावे. थ्रॅसिमॅकस मात्र रागाने बोलतो. बलिष्ठांचे हित यापलीकडे न्यायाला अर्थ नाही आणि प्रत्येक राजवट आपल्या सोयीचे कायदे करून त्यांनाच न्याय म्हणते, असा त्याचा दावा आहे. पुढे ग्लॉकन अदृश्य करणाऱ्या अंगठीची कथा सांगतो व पकडले जाण्याचे भय नसेल तर कोण सचोटीने वागेल, असे विचारतो. उरलेला ग्रंथ बव्हंशी या दोघांना दिलेले उत्तर आहे.

व्यक्तीतील न्याय लहान अक्षरांत लिहिलेला असल्याने तो आधी राज्याच्या मोठ्या अक्षरांत वाचावा, असे सॉक्रेटिस सुचवतो. आदर्श राज्यात शासक, रक्षक आणि उत्पादक असे तीन वर्ग असतात. आत्म्याचेही विवेक, तेज व वासना असे तीन भाग आहेत. विवेकाने राज्य करावे, तेजाने त्याला साथ द्यावी आणि वासनेने दोघांचे ऐकावे; माणसाच्या अंतरंगातील हा सुमेळ म्हणजे न्याय, आणि असा माणूसच खऱ्या अर्थाने सुखी होय. सुखाने जगणे व न्यायाने राज्य करणे हे प्लेटोला असे एकाच प्रश्नाचे दोन भाग वाटतात.

ही रचना लोकांनी मान्य करावी म्हणून प्लेटो एक ‘उदात्त असत्य’ सुचवतो. देवाने शासकांच्या घडणीत सोने, रक्षकांच्या घडणीत चांदी आणि शेतकरी व कारागिरांच्या घडणीत लोखंड व पितळ मिसळले, ही ती कथा होय. मराठी वाचकाला येथे पुरुषसूक्त आठवल्यावाचून राहत नाही. मात्र सोन्याच्या आईबापांना लोखंडाचे मूल होऊ शकते व त्याला खालच्या वर्गात पाठवावे, तसेच उलटही करावे, असे प्लेटो स्पष्ट म्हणतो. शासक व रक्षकांना तो खासगी मालमत्ता आणि कुटुंब नाकारतो. त्या वर्गातील स्त्रियांना पुरुषांसारखेच शिक्षण व अधिकार देतो. तेव्हा त्याची योजना जन्माधिष्ठित जातिव्यवस्थेशी एकरूप आहे असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.

आंबेडकरांची चिकित्सा

आंबेडकरांचा आक्षेप नेमका याच ठिकाणी महत्त्वाचा ठरतो, कारण तो केवळ जन्मावर रोखलेला नाही. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे मुळात लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेले अध्यक्षीय भाषण होते. मंडळाला त्यातील काही विधाने रुचली नाहीत व परिषदच रद्द झाली, तेव्हा आंबेडकरांनी ते स्वखर्चाने छापले. आर्यसमाजी सुधारकांचे म्हणणे असे की जाती मोडाव्यात, परंतु जन्माऐवजी गुणांवर आधारलेले चातुर्वर्ण्य ठेवावे. गुणांवर आधारलेली वर्गव्यवस्था म्हणजे जवळजवळ प्लेटोचीच योजना. म्हणून प्लेटोवरील टीका तिलाही लागू पडते, असे आंबेडकर दाखवून देतात.

त्यांच्या मते, माणसांना तीन-चार ठरीव कप्प्यांत बसवणे हा मनुष्यस्वभावाचा फार उथळ विचार आहे. प्रत्येक व्यक्ती अनन्य असते, तिचा वर्ग ती स्वतःच असते आणि तिच्यातील प्रवृत्तींच्या मिश्रणांना अंत नसतो. या युक्तिवादाची शब्दरचना जॉन ड्यूई यांच्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ (१९१६) या ग्रंथातील विवेचनाशी जवळजवळ तंतोतंत जुळते. कोलंबिया विद्यापीठात ड्यूई हे आंबेडकरांचे प्राध्यापक होते. त्यापुढील प्रश्न मात्र आंबेडकरांचे स्वतःचे आहेत. लोक आपापल्या वर्णात राहतील याची हमी दंडाशिवाय कशी मिळणार? येथे ते शंबूकवधाचा दाखला देतात. स्त्रियांचा वर्ण कोणता? तो पतीवरून ठरणार असेल तर गुणांचे तत्त्व कोठे राहिले?

ग्रीक विचारातील सर्वच त्यांनी टाकून दिले नाही. स्वतःच्या वर्तनाचे हेतू दुसऱ्याकडून स्वीकारावे लागणे म्हणजे गुलामी, ही ड्यूईंनी प्लेटोची म्हणून दिलेली व्याख्या आंबेडकर जातीला लावतात. कायद्याने गुलामगिरी नसतानाही ही स्थिती असू शकते, कारण जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे.

कुलाबा जिल्ह्यातील पार्श्वभूमी

‘ज्याचे काम त्याने करावे’ या तत्त्वाचा व्यवहारातील अर्थ आंबेडकरांनी आजच्या रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात जवळून पाहिला होता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. पण कागदावर खुले झालेल्या त्या तळ्याचे पाणी प्रत्यक्ष पिण्यास २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला, आणि त्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्लाही झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळण्यात आली. तळ्याविषयीचा दावा मुंबई उच्च न्यायालयात मार्च १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघाला.

अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ असा दीर्घ शेतकरी संप झाला. त्याला आंबेडकरांचा पाठिंबा होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. प्लेटोच्या योजनेत उत्पादकाने पिकवावे व शासकाने त्याचे हित जाणावे, अशी कल्पना आहे. कोकणातील कुळाचे हित खोताला कळत होते की नाही, हा प्रश्न निदान त्या कुळांपुरता तरी तात्त्विक नव्हता.

अ‍ॅरिस्टॉटल

प्लेटोवरील पहिली मोठी टीका त्याच्या शिष्याची आहे. राज्य जगण्यासाठी निर्माण होते आणि चांगल्या जगण्यासाठी टिकते, असे अ‍ॅरिस्टॉटल ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हणतो. अतिरेकी एकात्मतेने राज्य राज्यच उरत नाही, हा त्याचा मुख्य आक्षेप. मात्र काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, हे मतही त्याच ग्रंथात आहे.

संविधान सभेतील ग्रीक संदर्भ

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी ग्रीसचे इतिहासकार जॉर्ज ग्रोट यांचा आधार घेऊन ‘संवैधानिक नीतिमत्ता’ ही संकल्पना सांगितली. ग्रोट यांनी ती क्लेइस्थेनिसच्या (इ.स.पू. सहावे शतक) अथेन्सविषयी लिहिताना मांडली होती. ही वृत्ती उपजत नसते, ती जोपासावी लागते, आणि भारताची भूमी मुळात लोकशाहीविरोधी असल्याने येथे लोकशाही हा केवळ वरचा थर आहे, असे आंबेडकर म्हणाले. म्हणूनच प्रशासनाचे तपशील कायदेमंडळावर न सोडता संविधानातच घालावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘रिपब्लिक’मधील आदर्श राज्य शासकांच्या शहाणपणावर भिस्त ठेवते, आंबेडकरांनी ती लिखित तरतुदींवर ठेवली. विशेष म्हणजे त्यासाठी त्यांनी निवडलेला ग्रीक दाखला प्लेटोचा नव्हता. तो प्लेटोला न रुचलेल्या अथेन्सच्या लोकशाहीचा होता.